कळलावी ठेवायची की उपटायची?

गेल्या वर्षी श्रावणात हर्णेजवळच्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. विषय होता पेशीविभाजन. तास संपल्यावर मुख्याध्यापक मला शाळेच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे जांभ्या दगडाचा, सिमेंट न लावता नुसता रचलेला कमरेएवढा गडगा होता आणि त्याला लागून करवंदीची दाट जाळी. त्या जाळीवर जागोजागी ज्वाळा पेटल्यासारखी लाल-पिवळी फुले दिसत होती.

"सर, ही कळलावी. विषारी असते म्हणतात. पहिली-दुसरीची मुलं इथंच खेळतात. एका पालकांनी तक्रार केली आहे. उद्या गडी बोलावून मुळासकट काढून टाकावी म्हणतो. तुमचं काय मत?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. 'ती विषारी नाही' असे म्हणणे खोटे ठरले असते. कळलावी विषारी आहे, आणि चांगलीच विषारी आहे. पण 'काढून टाका' असेही म्हणवेना. तासाभरापूर्वी मी वर्गात फळ्यावर जे काढून दाखवले होते, त्यातला महत्त्वाचा भाग विज्ञानाला याच वेलीत सापडणाऱ्या विषामुळे समजला आहे. "गौरी-गणपती होईपर्यंत तरी थांबा, मग कळवतो," असे सांगून मी वेळ मागून घेतला. त्यांना जे कळवले तेच इथे थोडे विस्ताराने मांडत आहे. कोकणातल्याच नव्हे, महाराष्ट्रातल्या बऱ्याच शाळांच्या आसपास ही वेल असते, आणि हाच प्रश्न कधी ना कधी तुमच्यापुढेही येईल.

वेलीची ओळख

कळलावीचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. लिनियसने १७५३ साली ते दिले. दोन्ही शब्दांचा अर्थ 'वैभवशाली, दिमाखदार' असा आहे, आणि फूल पाहिल्यावर त्यात अतिशयोक्ती वाटत नाही. पूर्वी तिला लिलीच्या कुळात घालत असत. आता ती कॉल्चिकेसी या वेगळ्या कुळात मोडते. आफ्रिकेचा बराच भाग, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया असा तिचा मूळ प्रदेश आहे. झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय फूल आहे आणि आपल्याकडे तमिळनाडूचे राज्यफूल.

फुले नसतानाही ही वेल ओळखता येते. पानाला देठ जवळजवळ नसतो. पान भाल्यासारखे निमुळते आणि त्यावरच्या शिरा एकमेकींना समांतर. म्हणजे ती एकदल वनस्पती आहे, हे मुले पाहताक्षणी सांगू शकतील. खरी गंमत पानाच्या टोकाला आहे. ते टोक लांबत जाऊन त्याचा बारीक दोरा होतो आणि काटकी किंवा गवताची काडी लागली की तिच्याभोवती विळखा घालतो. काकडी, दोडका यांच्या वेलींना वर चढण्यासाठी वेगळे तणाव असतात. कळलावीने ते काम पानाच्या टोकावरच सोपवले आहे. काही पाने एकाआड एक, काही समोरासमोर, तर काही ठिकाणी तीन पाने एकाच पेरावर, असा प्रकार एकाच वेलीवर दिसू शकतो. 'पानांची मांडणी ओळखा' या प्रश्नाचे उत्तर नेहमी एका शब्दात देता येत नाही, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण नाही.

जमिनीखाली हाताच्या बोटासारखा जाड, पांढरट-तपकिरी कंद असतो. तो बहुधा दोन फाट्यांचा, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा दिसतो. आपल्या पूर्वजांना त्यात नांगराचा आकार दिसला, म्हणून संस्कृतमध्ये तिला 'लांगली' म्हटले. फुलावरून पडलेले नाव अग्निशिखा. कोकणात काही ठिकाणी या फुलांना 'गौरीचे हात' म्हणतात आणि ती गौरीला वाहतात. 'कळलावी' या नावाचा खुलासा पुढे येईलच.

गडग्याच्या कडेलाच का?

हर्णेहून आसूदकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जुने गडगे लागतात. आसूदच्या केशवराज मंदिराकडे चढून जाताना दाट सावली लागते. या दोन ठिकाणांची तुलना केली तर कळलावीची आवड-निवड लक्षात येते. गर्द सावलीच्या आत ती सहसा सापडत नाही. मोकळ्या सड्यावरही नाही. ती सापडते रानाच्या काठावर, जिथे झाडी संपते आणि उजेड सुरू होतो.

याची कारणे तिच्या रचनेतच आहेत. खोड नाजूक असल्यामुळे स्वतःच्या बळावर ती उभी राहू शकत नाही. तिला झुडपाचा आधार हवा, आणि तोही बारीक फांद्यांचा, कारण पानाच्या टोकाचा दोरा जाड बुंध्याला विळखा घालू शकत नाही. फुलण्यासाठी तिला वर भरपूर ऊन हवे. कंदाला मात्र थंडावा, कुजलेला पाला आणि पाण्याचा निचरा हवा. हर्णे-दापोलीकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सपाट जागी पाणी साचले तर कंद कुजतो. रचलेल्या जांभ्याच्या गडग्याच्या पायथ्याशी पाणी थांबत नाही. दगडांच्या फटींत पालापाचोळा अडकून त्याची माती होते, आणि लागूनच करवंदी, तोरण यांची जाळी असते. पाय सावलीत, डोके उन्हात, टेकायला काटेरी आधार आणि गुरांपासून संरक्षण, असे सगळेच तिला एका जागी मिळते. माणसाने आपल्या सोयीसाठी घातलेले कुंपण म्हणजे या वेलीच्या दृष्टीने रानाचा काठच.

फूल उलटे का?

कळलावीचे फूल पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते उलटे टांगल्यासारखे वाटते, आणि एका अर्थी ते तसेच असते. फुलाचे तोंड जमिनीकडे असते. सहा परिदले (इथे पाकळ्या आणि निदले असा भेद नसतो) कडेने नागमोडी असून मागे वळून आकाशाकडे उभी राहतात. कळी हिरवी असते. उमलताना परिदलांचा खालचा भाग पिवळा आणि टोके लाल होतात, आणि काही दिवसांत सगळे फूल लालभडक होते. वेलीवर खालची फुले आधी आणि वरची नंतर उमलत असल्यामुळे हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे सगळे टप्पे एकाच वेळी पाहायला मिळतात. मुलांना कुठले फूल जुने आणि कुठले नवे, हे केवळ रंगावरून क्रमाने लावायला सांगता येईल.

आता फुलाच्या आत पाहू. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे चारी बाजूंना पसरलेले असतात. मध्ये हिरवा अंडाशय असतो. सर्वसाधारण फुलात कुक्षीवृंत अंडाशयाच्या टोकावरून सरळ निघतो. इथे तो जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जातो, कुणी मुद्दाम मोडून ठेवल्यासारखा. त्यामुळे फुलातली परागकण घेणारी कुक्षी फुलाच्या मध्यापासून दूर, कडेला येते. मध असतो परिदलांच्या बुडाशी. मध प्यायला आलेला कीटक एका परिदलाशी थांबतो. तिथे त्याला बहुधा एखाद्या पुंकेसराचा स्पर्श होतो किंवा कुक्षीचा. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर जाण्याची शक्यता वाढते.

पण पराग नेतो कोण? दक्षिण आफ्रिकेतल्या वेलींवर झालेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की मध पिताना फडफडणाऱ्या फुलपाखरांचे पंख परागकोशांना आणि कुक्षीला लागतात आणि पराग पंखांवरून वाहून नेले जातात. फुलपाखराच्या पायांवर किंवा सोंडेवर पराग असतात हे आपण शिकवतो. पंखही परागवाहक असतात हे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही. हर्णेच्या गडग्यावर हे काम कोण करते? फुलपाखरे, मधमाश्या की शिंजीर? हा प्रश्न एखादा वर्ग पंधरा-वीस मिनिटे शांत बसून, नोंदी ठेवून सोडवू शकेल.

'कळ' या शब्दाचे दोन अर्थ

आता विषाकडे वळू. मराठीत 'कळ' म्हणजे भांडण आणि 'कळ' म्हणजे वेदना. कळलावी घरात आणली तर भांडणे लागतात, असा समज खेड्यापाड्यांत आहे. दुसरा अर्थ प्रसूतीच्या कळांचा. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा वापर पूर्वी होत असे. संस्कृत निघंटूंमध्ये तिला 'गर्भपातिनी' असेही नाव आहे. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आणि शोधन केल्याशिवाय ती वापरू नये असा दंडक घातला. आजही औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील विषारी द्रव्यांच्या यादीत लांगलीचे नाव आहे. म्हणजे या वेलीची ताकद लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. ती ताकद नेमकी कशात आहे हे मात्र उशिरा कळले.

त्या द्रव्याचे नाव कॉल्चिसीन. १८२० साली पेल्तिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते युरोपातल्या कॉल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. कॉल्चिकम कळलावीची भाऊबंदच. तिचाच एक प्रकार काश्मीरकडे 'सुरंजान' या नावाने ओळखला जातो. कळलावीतही तेच द्रव्य असल्याचे १९१५ साली रासायनिक पृथक्करणातून दिसले. वेलीच्या सगळ्याच भागांत ते असते. कंदात आणि बियांत अधिक.

ते काम कसे करते? पेशीविभाजनाचा फळ्यावरचा आकृतिबंध आठवा. गुणसूत्रांची संख्या दुप्पट होते, ती पेशीच्या मध्यावर ओळीत उभी राहतात आणि मग तुर्कतंतू त्यांना दोन टोकांकडे ओढून नेतात. हे तुर्कतंतू म्हणजे सूक्ष्मनलिकांचे जुडगे. सूक्ष्मनलिका बनते ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे रेणू एकावर एक रचून, जसा आपला गडगा दगडावर दगड ठेवून बनतो. कॉल्चिसीनचा रेणू ट्यूब्युलिनला चिकटतो. असा चिकटलेला 'दगड' रचनेत गेला की पुढची रचना थांबते. तुर्कतंतू तयारच होत नाहीत. गुणसूत्रे दुप्पट झालेली असतात, पण त्यांना ओढून नेणारे कुणी नसते. पेशी अर्ध्या वाटेवर अडकते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ट्यूब्युलिन हे प्रथिनच मुळी कॉल्चिसीनमुळे सापडले. शिकागो विद्यापीठात गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी किरणोत्सारी कॉल्चिसीन वापरून ते पेशीत कशाला चिकटते याचा शोध घेतला आणि १९६७ साली त्या प्रथिनाविषयीचे आपले काम प्रसिद्ध केले. विषाचा माग काढत जाताना त्यांना पेशीच्या सांगाड्याची वीट हाती लागली.

विषबाधेचा क्रम काय शिकवतो?

कॉल्चिसीन पेशीविभाजन थांबवते हे एकदा समजले की विषबाधेची लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. ती तर्काने काढता येतात. शरीरातल्या कोणत्या पेशी सर्वांत जास्त वेगाने विभागतात? आतड्याच्या अस्तराच्या, अस्थिमज्जेतल्या आणि केसांच्या मुळांतल्या. विषबाधेचा क्रमही साधारण तसाच आहे. कंद किंवा बी खाल्ल्यावर लगेच काही होत नाही. काही तासांनी मळमळ, उलट्या, पोटात तीव्र कळा आणि जुलाब सुरू होतात. पुढच्या काही दिवसांत रक्तपेशींची निर्मिती मंदावते, आणि मूत्रपिंड, हृदय यांवर परिणाम होऊ शकतो. जो रोगी यातून वाचतो त्याचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. १९६६ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सिलोनमधल्या, म्हणजे आताच्या श्रीलंकेतल्या, एका तरुणीची हकिकत आली होती. कळलावीचा कंद खाल्ल्यावर ती जगली, पण तिचे केस गळून गेले. श्रीलंकेत रताळे समजून हा कंद शिजवून खाल्ल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. शिजवल्याने हे विष नाहीसे होत नाही, हे प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावे.

आणखी दोन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या. पहिली, सुरुवातीचे काही तास रोगी ठणठणीत दिसतो. 'काही झालं नाही, बरा आहे' म्हणून घरी थांबण्यातच खरा धोका आहे. मुलाने कंद किंवा बी खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि सोबत त्या वेलीचा तुकडा पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवावा. दुसरी, या विषावर सहज मिळणारा उतारा नाही. उपचार होतात ते शरीराला आधार देण्याचे, आणि म्हणून वेळेला फार किंमत आहे.

विषाचे झाले औषध

हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत औषध आहे. वातरक्त, म्हणजे गाऊट, या विकारात सांध्यात यूरिक आम्लाचे स्फटिक साचतात. त्यांच्याकडे पांढऱ्या पेशी धावत जातात आणि सांधा सुजून असह्य ठणकतो. पांढऱ्या पेशींनाही हालचालीसाठी सूक्ष्मनलिका लागतात. कॉल्चिसीनने ही धावपळ मंदावते आणि सूज उतरते. काही हृदयरोग्यांमध्ये पुढील झटक्याचा धोका कमी करण्यासाठी ०.५ मिलिग्रॅम इतक्या छोट्या मात्रेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ साली मान्यता दिली. मात्रा लक्षात घ्या, अर्धा मिलिग्रॅम! कंदाच्या कोणत्या तुकड्यात किती कॉल्चिसीन आहे हे घरी मोजता येत नाही. म्हणून 'औषधी आहे' या ऐकीव माहितीवर कंद उगाळून घेणे हा जिवाशी खेळ आहे.

शेतीलाही या विषाचा उपयोग झाला. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यासारख्या वनस्पतींवर कॉल्चिसीन वापरून गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून दाखवली. तुर्कतंतूंअभावी दुप्पट झालेली गुणसूत्रे एकाच पेशीत राहतात, हे आपण वर पाहिलेच. वनस्पतींचे ट्यूब्युलिन प्राण्यांच्या मानाने कॉल्चिसीनला कमी दाद देते. त्यामुळे द्रावण बरेच तीव्र घ्यावे लागते, पण परिणाम साधतो. जपानच्या हितोशी किहारा यांनी याच मार्गाने बिनबियांचे कलिंगड तयार केले. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे असतात. कॉल्चिसीनने त्यांची ४४ केली. या दोहोंच्या संकरातून ३३ गुणसूत्रांची वेल मिळाली. ३३ च्या सरळ जोड्या लागत नाहीत, म्हणून बी धरत नाही. गणिताचा आणि जीवशास्त्राचा तास एकत्र घ्यायचा असेल तर हे उदाहरण घ्यावे.

ही गोष्ट अजून संपलेली नाही. वनस्पती हा गुंतागुंतीचा रेणू कसा तयार करते हे बराच काळ कोडे होते. २०२० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने त्याचा जवळजवळ पूर्ण मार्ग उलगडला. त्यांनी कळलावीतली आठ जनुके शोधून काढली आणि तंबाखूच्या एका जातभाईत कॉल्चिसीनच्या अगदी जवळचे द्रव्य तयार करून दाखवले. त्यासाठी निवडलेली वनस्पती होती ग्लोरिओसा सुपर्बा, आपल्या गडग्यावरची कळलावी.

जी सात महिने दिसत नाही

मग ही वेल धोक्यात आहे का? जगाचा विचार केला तर ही जात नामशेष होण्याच्या वाटेवर नाही. तमिळनाडूत तिरुप्पूर, दिंडिगल, करूर या भागांत बियांसाठी तिची रीतसर शेती होते. पण एखादी जात जगात टिकून असणे आणि आपल्या गावात टिकून असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कळलावीचे वर्ष पाहा. जूनच्या पावसाबरोबर कोंब येतो, श्रावण-भाद्रपदात फुले, नंतर तीन कप्प्यांची लांबट फळे. ती तडकली की आत लाल बिया दिसतात. दिवाळीनंतर वेल वाळून नाहीशी होते. मागे उरतो जमिनीखालचा कंद. जुना कंद त्या हंगामात संपून गेलेला असतो आणि त्याच्या जागी नवा तयार झालेला असतो. कोंब फुटणारा डोळा कंदाच्या फाट्याच्या टोकाशीच असतो. ते टोक मोडले तर तो फाटा वाया जातो. बियांपासून वेल येते, पण बी रुजायला वेळ लागतो आणि फुलावर यायला तीन-चार वर्षे जातात.

आता आपले वर्ष पाहा. बांधकाम, खोदकाम, रस्ता रुंद करणे, बागेसाठी उतार साफ करणे ही सगळी कामे आपण पाऊस संपल्यावर, विशेषतः एप्रिल-मेमध्ये करतो. त्या वेळी कळलावी 'नसतेच'. गडगा काढून चिऱ्याची सिमेंटची भिंत बांधणाऱ्याला आपण काही काढून टाकले याची जाणीवही होत नाही. जूनमध्ये कोंब आला नाही, तरी न आलेल्या कोंबाची नोंद कोण ठेवतो? याशिवाय बांधावर तणनाशक फवारले किंवा ऑगस्टमध्ये कुंपणाकडेची झाडी बेणली, तर बी धरण्यापूर्वीच वेल जाते. आणि औषधासाठी कुणी कंद खणून नेला, तर जुनी वेल एका कुदळीत संपते. बिया गोळा केल्या तर निदान वेल तरी उरते.

शाळेने काय करावे?

मुख्याध्यापकांना मी कळवले ते असे. अगदी लहान मुलांचा वावर असलेल्या जागेपासून, बालवाडीच्या ओट्यापासून, घसरगुंडीपासून कळलावी दूर असलीच पाहिजे. तिथे ती उगवली असेल तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून, कंद न मोडता, पावसाळा संपताना ती हलवावी. पण मागच्या गडग्यावरची वेल उपटू नये. कारण ती उपटल्याने मुले सुरक्षित होत नाहीत. कळलावी शाळेच्या वाटेवर आहे, देवळाच्या वाटेवर आहे, घरामागच्या परड्यात आहे. जी वेल मुलाने कधी पाहिलीच नाही, तिच्यापासून ते सावध कसे राहणार? ओळख हेच इथे खरे संरक्षण आहे.

त्यासाठी नियम तीनच आणि सोपे. पाहायचे, मोजायचे, चित्र काढायचे, तोडायचे नाही. काहीही तोंडात घालायचे नाही. चुकून हात लागला तर साबणाने धुवायचे. फळे तडकू लागण्याआधी मोठ्यांनी ती काढून घ्यावीत, म्हणजे लाल बियांचा मोह राहणार नाही. त्या बिया वाटेपासून दूर, जाळीच्या पलीकडे टाकाव्यात.

आणि एक वही ठेवावी. गडग्याचा नकाशा काढून प्रत्येक वेलीची जागा पावलांनी मोजून लिहावी. पहिला कोंब, पहिले फूल, पहिले फळ यांच्या तारखा लिहाव्यात. कोण फुलाशी आले तेही लिहावे. पाच वर्षांनी ही वही वाचनीय होईल, दहा वर्षांनी ती मौल्यवान होईल.

वहीचा उपयोग मात्र अपेक्षेपेक्षा फार लवकर झाला. यंदा एप्रिलमध्ये शाळेला पक्क्या कुंपणभिंतीसाठी निधी मिळाला आणि मागचा गडगा काढायचे ठरले. त्या वेळी जमिनीवर वाळलेल्या पानांखेरीज काहीही दिसत नव्हते. पण नववीच्या मुलांच्या वहीत अकरा वेलींच्या जागा लिहिलेल्या होत्या, दरवाज्यापासून किती पावले आणि गडग्यापासून किती वीत. शिक्षकांनी आणि गड्याने त्या जागा खणल्या. नऊ ठिकाणी कंद सापडले, एक खणताना मोडला. आठ कंद मैदानाच्या पलीकडच्या उतारावर, करवंदीच्या जाळीखाली लावले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन आला. सहा कोंब वर आले होते. उरलेल्या दोघांची वाट मुले अजून पाहत आहेत, असे ते म्हणाले. तक्रार केलेल्या पालकांचा मुलगा आता तिसरीत आहे आणि इतर मुलांना 'लांबून बघा, हात लावू नका' असे तोच बजावत असतो.